सजगताधारित बोधात्मक उपचार (एमबीसीटी)

नैराश्यातून बरे झालेल्या व्यक्तीचा आजार पुन्हा उलटू नये म्हणून शिकवला जाणारा आठ आठवड्यांचा गटवर्ग. झिंडेल सीगल (टोरांटो), मार्क विल्यम्स (बँगोर, वेल्स) आणि जॉन टीझडेल (केंब्रिज) यांनी १९९०च्या दशकात तो आखला. त्यातले ध्यान जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या ताणनिवारण वर्गांतून आले आहे.

आजार जितक्या वेळा येऊन जातो, तितकी उदास मन आणि ‘माझ्यात काही राम नाही’ या जातीचे विचार यांची सांगड घट्ट होते. पुढे एखाद्या दिवसाची साधी उदासीही तेच विचार जागे करते. ‘मला असं का होतंय’ हे माणूस उगाळत बसतो आणि त्यातून पुन्हा खाली घसरतो. एमबीसीटीचा रोख या उगाळण्यावर आहे. विचार खरा की खोटा याचा वाद इथे घालत नाहीत. तो केवळ विचार आहे, हे ओळखायला शिकवतात.

आठवड्याला सुमारे दोन तासांचा एक वर्ग असतो आणि घरी आठवड्यातले सहा दिवस रोज ४० ते ४५ मिनिटांचा सराव. सुरुवात एक बेदाणा सावकाश न्याहाळून, हुंगून, चावून खाण्याने होते. मग पडून शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेणे, नंतर बैठे ध्यान व हळू हालचाली. रोजच्या धबडग्यात उपयोगी पडतो तो तीन मिनिटांचा श्वास-विराम: मनात व शरीरात आत्ता काय आहे ते पाहणे, लक्ष श्वासावर आणणे, मग ते सर्व शरीरभर पसरू देणे. शेवटच्या वर्गांत प्रत्येक जण स्वतःची पूर्वलक्षणे लिहून काढतो (पहाटे जाग येणे, फोन न उचलणे) आणि ती दिसताच काय करायचे, कोणाला कळवायचे, हेही ठरवतो.

बिनसते ते बहुधा अपेक्षेत. श्वास-विराम उदासी घालवण्याची युक्ती म्हणून वापरला, की ‘अजून गेली नाही’ ही नवी तक्रार उगाळायला मिळते. झोप लागत असेल तर डोळे उघडे ठेवून बसून करावे. जुना आघात उसळून आला तर लक्ष श्वासावरून काढून तळपायांवर न्यावे आणि प्रशिक्षकाला सांगावे. आजार तीव्र असताना एकाग्रताच नसते, म्हणून त्या काळात हा वर्ग सहसा सुरू करत नाहीत. विपश्यनेशी नाते असले तरी इगतपुरीचे दहा दिवसांचे मौन शिबिर म्हणजे एमबीसीटी नव्हे; इथे घरी राहूनच सराव करतात आणि आजाराबद्दल मोकळेपणी बोलतात.

२०००च्या पहिल्या मोठ्या चाचणीत तीन किंवा अधिक वेळा आजारी पडलेल्यांना फायदा दिसला; दोनदाच पडलेल्यांना नाही. २०१५च्या ब्रिटिश चाचणीत ४२४ जण होते. दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण एमबीसीटी गटात ४४ टक्के, गोळ्या चालू ठेवलेल्यांत ४७ टक्के निघाले. म्हणजे सरशी कोणाचीच नाही. एमबीसीटी गटातल्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केल्या होत्या. वर्ग सुरू केला म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.