पिल्लाच्या अंगावरचा नायटा: केस आले म्हणून औषध थांबवू नका

नवीन मांजरीचं पिल्लू घरी येतं, आठ-पंधरा दिवस मजेत जातात, आणि मग कानाच्या कडेला, नाकाजवळ किंवा पुढच्या पंज्यावर केस गेलेला, कोंडा धरलेला चट्टा दिसतो. आमच्याकडे येणारा पहिला प्रश्न ठरलेला: "आणलं तेव्हा तर अंग स्वच्छ होतं!" असेलही. लागण झाल्यावर चट्टा दिसायला एक ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे ज्यांनी पिल्लू दिलं त्यांच्याशी भांडू नका.

दुसरी गोष्ट. नायट्याला इंग्रजीत रिंगवर्म म्हणतात, आणि त्यातला 'वर्म' (जंत) हा शब्द वाचून काही जण जंताचं औषध मागतात. यात जंत कुठेच नाही. ही बुरशी आहे, मांजरांमध्ये बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस जातीची, आणि ती केसांवर जगते.

आता मुद्द्याचं. उपचार लांबतात ते बहुतेक एकाच कारणाने. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चट्ट्यावर कोवळी लव उगवते, पिल्लू पुन्हा देखणं दिसू लागतं आणि घरचे औषध बंद करतात. महिन्याभराने तेच पिल्लू परत येतं. या वेळी सोबत घरातली थोरली मांजर असते आणि मुलाच्या दंडावरही गोल चट्टा असतो. मग सगळं पहिल्यापासून.

असं का होतं? कातडी आधी बरी होते, बुरशी नंतर जाते. चट्टा हा फक्त डोळ्यांना दिसणारा भाग. बुरशीचे बीजाणू अंगभर, चांगल्या दिसणाऱ्या केसांवरही चिकटलेले असतात. म्हणूनच फक्त चट्ट्यावर मलम लावून भागत नाही. (माणसांचं मलम तर नकोच. काहींत स्टिरॉइड असतं, आणि पिल्लू ते चाटून पोटात घेतं.)

आमची पद्धत अशी: पोटातून इट्राकोनाझोल हे बुरशीचं औषध आणि आठवड्यातून दोनदा लाइम सल्फरचं (चुना-गंधकाच्या द्रावणाचं) डीप, म्हणजे ते द्रावण अंगभर लावून भिजवणं. औषधाचं प्रमाण पिल्लाच्या वजनावर ठरतं, आणि या वयात वजन भराभर वाढतं. दर भेटीत तराजूवर ठेवतो ते यासाठी. जुन्या चिठ्ठीवरून औषध चालू ठेवलं तर ते कमी पडतं.

डीपचा वास सडक्या अंड्यासारखा येतो, हे आम्ही आधीच कबूल करतो. पिल्लू थोडं पिवळं दिसतं, चांदीची अंगठी काळी पडते. पाणी कोमट घ्या, द्रावण कातडीपर्यंत पोचू द्या, तोंडाला ओल्या फडक्याने हलकेच लावा आणि नंतर धुऊ नका. सगळ्यांची चूक इथे होते: वास सहन होत नाही म्हणून लगेच साध्या पाण्याने अंघोळ! त्याने औषधही जातं. टॉवेलने टिपा आणि सुकेपर्यंत उबेत ठेवा. लहान पिल्लं पटकन गारठतात. हात बसत नसेल तर पहिलं डीप आम्ही तुमच्यासमोर करून दाखवतो. काही जण सगळीच डीप आमच्याकडे करून घेतात, त्यात संकोच नको.

घराची सफाई म्हणजे मुख्यतः केस उचलणं. बीजाणू गळलेल्या केसांवर वर्षभराहून अधिक काळ तग धरू शकतात. म्हणून पिल्लाला सहज पुसता येईल अशा एका खोलीत ठेवा, रोज केस गोळा करा, अंथरूण बाकीच्या कपड्यांपासून वेगळं धुवा. जंतुनाशक नंतर, धुळीवर ओतलेलं जंतुनाशक वाया जातं. फिनेल मात्र अजिबात वापरू नका, ते मांजरांना विषारी असतं. टी ट्री तेलाचंही तेच. खोली वेगळी म्हणजे पिल्लू एकटं टाकायचं असं नव्हे. माणसांची सवय लागायचं हेच वय असतं, तेव्हा जुने कपडे घालून रोज खेळा, मग हात धुवा. घरात तान्हं बाळ, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर त्यांना तेवढे दिवस दूर ठेवा. बाकीची मांजरं आणि कुत्रेही एकदा दाखवून घ्या.

मग थांबायचं कधी? आम्ही कोऱ्या टूथब्रशने अंगभर विंचरून केसांचा नमुना घेतो आणि बुरशी उगवते का ते पाहतो. निकालाला तीन आठवड्यांपर्यंत लागू शकतात. "पिल्लू तर बरं दिसतंय, मग तपासणी कशाला?" असं विचारलं जातं, आणि त्यामागचा न बोललेला प्रश्नही आम्हाला कळतो. निळा दिवा दाखवून मोकळं का होत नाही? कारण त्या उजेडात हिरवे चमकणारे केस संशय पक्का करतात, पण चमक दिसली नाही म्हणजे बुरशी नाही असं होत नाही. नमुना कोरा आला की औषध बंद करा, असं आम्हीच सांगू. तोवर डीप चालूच ठेवा.

तपासणीला येताना पिल्लू बंद पेटीत, खाली जुना टॉवेल घालून आणा आणि दारातूनच सांगा, म्हणजे बाकीच्या जनावरांत बसवणार नाही. त्या दिवसाचं डीप घरी करू नका. आधी नमुना, मग डीप.