‘भावना दुखावल्या’ या फिर्यादीमागचा इतिहास

एखाद्या भाषणावरून, चित्रावरून किंवा पोस्टवरून ‘धार्मिक भावना दुखावल्या’ म्हणून गुन्हा दाखल झाल्याची बातमी आता सवयीची झाली आहे. ज्या कलमाखाली तो दाखल होतो ते कुणी, कधी आणि कशाच्या धास्तीने लिहिले, हे विचारायचे मात्र राहून जाते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. वसाहतकालीन कायदे मोडीत काढल्याचे तेव्हा सांगितले गेले. जुने कलम २९५-अ नव्या संहितेत २९९ झाले. मजकूर जवळपास होता तसाच राहिला.

या कायद्याचे मूळ १८३७ सालच्या एका मसुद्यात आहे. कंपनी सरकारने नेमलेल्या पहिल्या विधी आयोगाचे अध्यक्ष थॉमस मेकॉले यांनी त्याला जोडलेल्या टिपणात आपले म्हणणे लपवलेले नाही. धार्मिक प्रक्षोभाची सरकारला एवढी भीती बाळगावी लागते असा दुसरा देश क्वचितच असेल, असे त्यांचे मत होते. प्रत्येकाला आपला धर्म पाळू द्यावा आणि कुणालाही दुसऱ्याच्या धर्माचा अपमान करू देऊ नये, हे त्यांनी सूत्र ठरवले. हे सूत्र त्या काळच्या इंग्लंडपेक्षा पुढचे होते, हे मान्य करायला हवे. तिथला ईशनिंदेचा कायदा फक्त ख्रिस्ती धर्माला, आणि व्यवहारात तिथल्या अधिकृत चर्चलाच, संरक्षण देत असे. मेकॉलेंच्या मसुद्यात सगळे धर्म एका पायरीवर होते. पण त्यामागची प्रेरणा शांतता राखण्याची होती. मूठभर परक्या अधिकाऱ्यांना अवाढव्य मुलूख सांभाळायचा होता आणि दंगल त्यांना परवडणारी नव्हती.

१८५७ च्या उठावाने ती भीती खरी ठरवली. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात राणी व्हिक्टोरियाने प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले. १८६० मध्ये दंड संहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. प्रार्थनास्थळाची विटंबना, धार्मिक सभेत व्यत्यय, दफनभूमीत घुसखोरी आणि जाणूनबुजून भावना दुखावणारे शब्द हे कलम २९५ ते २९८ अन्वये गुन्हे ठरले.

इंग्रज येण्याआधी सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, असा दावा इथे नाही. अहमदाबादेत १७१४ मध्ये होळीवरून दंगल झाली होती. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीजांचे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, १५६० पासून १८१२ पर्यंत चालले. तीही वसाहतच, पण तिथे तटस्थतेचा देखावासुद्धा नव्हता. ब्रिटिश अमलात बदलली ती तंटा मिटवण्याची जागा. गावातले पाटील, पंच, काजी, व्यापारी यांच्यात घासाघीस होऊन जे मिटायचे, ते आता मॅजिस्ट्रेटपुढे जाऊ लागले.

मिरवणुकीचेच उदाहरण घ्या. मशिदीवरून वाजंत्री न्यायची की नाही, न्यायची तर कोणत्या वेळी, याचा निर्णय मॅजिस्ट्रेट ‘पूर्वापार वहिवाट काय’ एवढ्यावर करी. वरवर हे शहाणपणाचे वाटते. पण त्यामुळे दरवर्षी नव्याने होणारी तडजोड कागदावर गोठली. यंदा सोडलेला हट्ट पुढच्या वर्षी हक्क गमावल्याचा पुरावा ठरू लागला, मग कुणी एक पाऊल मागे का घ्यावे?

गाईच्या प्रश्नावरही न्यायालयच आखाडा बनले. १८८७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने इमाम अली खटल्यात निकाल दिला की, कलम २९५ मधील पवित्र वस्तू म्हणजे मूर्ती, ग्रंथ यांसारख्या निर्जीव वस्तू. गाय त्यात येत नाही. त्यानंतर गोरक्षणाच्या चळवळीने जोर धरला. १८९३ मध्ये आझमगढ, बलिया या भागांत दंगली उसळल्या आणि ऑगस्टमध्ये मुंबईही पेटली. पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले तेही याच वर्षी. पुढची काही वर्षे मशिदीसमोरची वाद्ये हा तिथला धुमसता विषय राहिला.

१८९८ मध्ये दोन समाजांत वैर पसरवण्याविरुद्धचे कलम १५३-अ आले. आदल्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली होती, आणि राजद्रोहाचे कलम ज्या कायद्याने अधिक कडक झाले त्याच कायद्याने १५३-अ आणले. सरकारवरची टीका आणि समाजांमधले वैर यांना राज्यकर्ते एकाच चष्म्यातून पाहत होते, हे यातून दिसते.

तोवर जनगणनेने धर्म हा मोजण्याचा रकाना केला होता. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुस्लिमांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. आपला समाज किती मोठा आणि किती दुखावलेला, या दोन्हींना आता राजकीय किंमत आली.

कलम २९५-अ चा जन्म या वातावरणातला. लाहोरमध्ये पैगंबरांच्या खासगी आयुष्याची कुचेष्टा करणारी एक पुस्तिका निघाली. प्रकाशक राजपाल यांच्यावर १५३-अ खाली खटला चालला. मे १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाचे न्या. दलीप सिंग यांनी त्यांना सोडले. पुस्तिका निंद्य आहे, पण दिवंगत धर्मसंस्थापकावरची टीका या कलमात बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पंजाबात संतापाची लाट उठली आणि त्याच वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळाने नवे कलम मंजूर केले. धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा हेतुपुरस्सर व द्वेषबुद्धीने केलेला अपमान गुन्हा ठरला. इतिहासाचे संशोधन किंवा धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे यात भरडले जाऊ नयेत, असा इशारा बॅ. जिना यांनी त्या चर्चेत दिला होता. कायदा होऊनही राजपाल वाचले नाहीत. एप्रिल १९२९ मध्ये त्यांचा खून झाला.

त्याच १९२७ सालच्या २५ डिसेंबरला महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की या कायद्यातली खरी अडचण समजते. धर्माच्या नावाने झालेल्या अन्यायाविरुद्ध उभे राहताना कुणाची तरी भावना दुखावणारच. द्वेष आणि बंड यांच्यातला फरक कलमाने ‘हेतू’ या एका शब्दावर सोपवला आहे, आणि हेतू सिद्ध होतो तो खटल्याच्या शेवटी.

स्वातंत्र्यानंतर हे कलम रद्द करण्याची संधी होती. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रामजी लाल मोदी खटल्यात ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर वैध ठरवले. मेकॉलेंचाच तर्क आता राज्यघटनेच्या भाषेत आला. द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांनी १९५३ मध्ये गणपतीची मूर्ती फोडली होती. त्या प्रकरणी १९५८ मध्ये न्यायालयाने ‘पवित्र वस्तू’चा अर्थ व्यापक धरला. १९६१ मध्ये संसदेने २९५-अ ची कमाल शिक्षा दोनवरून तीन वर्षे केली.

सीमेपलीकडे हीच संहिता वारशाने गेली. तिथे झिया-उल-हक यांच्या राजवटीत तिला नवी कलमे जोडली गेली आणि १९८६ च्या २९५-क ने पैगंबरांच्या अवमानाला मृत्युदंड आणला. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र ईशनिंदेचा गुन्हा २००८ मध्ये रद्द झाला.

आपल्याकडे न्यायालये अधूनमधून लगाम खेचतात. महेंद्रसिंह धोनीला एका मासिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळली. नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान या कलमात येत नाही, असे स्पष्ट केले. पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याने अटक आधी होऊ शकते, हेतूचा निवाडा नंतर. न्यायालयाने खटल्याची दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते, ही १९२७ ची तरतूदही फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, टिकून आहे. ती मंजुरी गुन्हा नोंदवायला किंवा अटक करायला लागत नाही. आणि कुणाची दुखावलेली भावना न्यायालयापर्यंत पोहोचेल, हे ठरवणे अजूनही सत्तेवर असलेल्यांच्याच हातात आहे.