युद्धकैदी घरी येतो तेव्हा

नागपूरहून कन्हान नदीकडे निघालं की कामठीची छावणी लागते. इंग्रजांनी 1821 साली वसवलेली. ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचं केंद्र आज तिथेच आहे. फौजी घरांच्या या पट्ट्यात 'शहीद' आणि 'बेपत्ता' यांतला फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शहिदाच्या घरी निदान सुतक तरी धरता येतं. बेपत्ता जवानाच्या बायकोने कुंकू लावायचं की नाही, हेसुद्धा ठरत नाही. सात वर्षं काही खबर नसेल, तेव्हा कुठे कायदा माणूस गेला असं धरतो.

म्हणून युद्धकैद्यांच्या वागणुकीसाठी झालेल्या 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा करारातलं एक साधं कार्ड मला फार मोलाचं वाटतं. कैदी छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला ते घरी धाडू द्यायचं असतं. त्यावर नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, हुद्दा, नंबर. पुढे 'प्रकृती चांगली', 'आजारी', 'किरकोळ जखमी', 'गंभीर जखमी' असे पर्याय. लागू नसेल ते खोडायचं. आणि सूचना: जास्तीचं काही लिहू नये. एवढ्याशा कागदावर घरातली चूल पुन्हा पेटते.

20 ऑक्टोबर 1962 ला आजच्या अरुणाचलातल्या नामका चू नदीकाठी चिनी हल्ला झाला. दोनच दिवसांत सातव्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी पकडले गेले. त्या युद्धात सुमारे 3,900 भारतीय सैनिक चिन्यांच्या कैदेत पडले. नामका चूला आपली माणसं त्या थंडीत उन्हाळी कपड्यांवर आणि मोजक्या काडतुसांवर लढली होती. पकडलं जाणं हा त्यांचा गुन्हा नव्हता. मे 1963 पर्यंत ती परत आली, पण थेट घरी नाही. आधी रांची, तिथे चौकशी. चिन्यांनी कैदेत त्यांची मनं वळवायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे फौजेची शंका समजू शकते. तरी घराकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला पहिले प्रश्न आपल्याच लोकांनी विचारावेत, हे मला अजून टोचतं.

रीत मात्र जुनीच होती. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती लागलेल्या आणि पुढे आझाद हिंद सेनेत गेलेल्या सैनिकांची इंग्रजांनी निष्ठा जोखून 'पांढरे', 'करडे' आणि 'काळे' अशी विभागणी केली. 'काळे' ठरले ते बडतर्फ, वर कैदेतल्या काळाचा पगारही जप्त. स्वतंत्र भारतानेही त्यांना पुन्हा फौजेत घेतलं नाही. स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनची केंद्राची योजना आली तीच मुळी 1972 साली.

1962 च्या युद्धाची दुसरी बाजू तर नागपूरच्या उशालाच आहे. तुमसरहून गाडी तिरोडीला जाते. गाव बालाघाट जिल्ह्यातलं, मँगनीजच्या खाणींचं. जानेवारी 1963 मध्ये हद्द ओलांडून आलेला एक चिनी सैनिक सहा-सात वर्षं वेगवेगळ्या तुरुंगांत काढून 1969 मध्ये इथे आणला गेला. त्याच्यावर बेकायदा घुसल्याचा ठपका होता. तो पिठाच्या गिरणीत राबला, इथलीच मुलगी केली, नातवंडं पाहिली. गाव त्याला राज बहादूर म्हणायचं. मायदेशी जायचे कागद मिळेमिळेपर्यंत फेब्रुवारी 2017 उजाडला. 54 वर्षांनी तो आपल्या गावी पोचला, तेव्हा भाऊ भेटले. आई 2006 मध्येच गेली होती.