पतितपावन

पतितांना पावन करणारा, या अर्थाचे देवाचे बिरुद. मराठी संतसाहित्यात ते विठ्ठलाला व रामाला सर्रास लावलेले आढळते. ‘पत्’ म्हणजे पडणे, या धातूपासून ‘पतित’ शब्द आला आणि धर्मशास्त्रात तो महापातक केल्यामुळे बहिष्कृत झालेल्यासाठी योजला गेला. या कल्पनेची सर्वांत परिचित कथा भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची. दुराचारात आयुष्य काढलेला हा ब्राह्मण मरणाच्या भीतीने धाकट्या मुलाला ‘नारायणा’ अशी हाक मारतो आणि तेवढ्यावरच विष्णुदूत त्याला यमदूतांच्या पाशातून सोडवतात. हाक मुलाला होती, हे विशेष.

वारकरी संतांनी हे बिरुद स्तुतीसाठी वापरले, तसेच तगाद्यासाठीही. नामदेवांच्या प्रसिद्ध अभंगातला भक्त हे नाव ऐकून देवाच्या दारी येतो आणि नावाप्रमाणे करणी दिसत नाही म्हणून माघारी निघतो. तुकाराम तर देवालाच ऋणको ठरवतात : अंधारामुळे दिव्याला शोभा, रोगामुळे धन्वंतरीचे नाव, तसे पतितांमुळे देवाला नावरूप.

खरी गाठ मात्र चोखामेळ्यांपाशी बसते. अजामिळाने पाप केले होते; मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या पदरी महार जातीतला जन्म एवढाच काय तो ‘दोष’. पापी आणि हीन मानलेला, दोघांनाही एकच शब्द लावल्याने अन्यायाला पातकाचे रूप येते. चोखोबांचे पुत्र कर्ममेळा यांनी हे ओळखले होते. आम्हाला हीन जात तूच दिलीस, उष्टे खाण्यात जन्म गेला, याची तुला लाज कशी वाटत नाही, असे ते देवाला विचारतात. इथे कृपेची याचना नाही, जाब आहे.

१३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती त्यांची, अशा खुणेने नामदेवांनी अस्थी वेचल्या, अशी परंपरा आहे. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, म्हणजे दाराबाहेरच, आहे. त्याच मंगळवेढ्याच्या गणिकाकन्या कान्होपात्रा यांनी बीदरच्या बादशहाकडे जाण्याचे नाकारून विठ्ठलाच्या पायी देह ठेवला, असे सांगतात. त्यांचे स्मरण असलेले तरटीचे झाड मात्र मंदिराच्या आवारातले.

विसाव्या शतकात बिरुदाचा रोख मंदिरांच्या दारांकडे वळला. भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून आणि वि. दा. सावरकरांच्या पुढाकाराने रत्नागिरीत सर्व हिंदूंसाठी बांधलेले मंदिर १९३१ मध्ये खुले झाले. त्याचे नावच पतितपावन. पंढरपूरला आणखी सोळा वर्षे लागली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी तेथे उपोषण केले आणि त्यानंतर विठ्ठलमंदिर दलितांना खुले झाले.