घाणेरी काढली, पुढे काय?

घाणेरीवर कोयता चालवला की काम संपलं, असं वाटतं. पण पाऊस पडला की त्याच बुंध्यातून आधीपेक्षा जास्त फांद्या फुटतात. कुणी तिला टणटणी म्हणतं, विदर्भात रायमुनिया. अमेरिका खंडातलं हे झुडूप इंग्रजांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला बागेच्या शोभेसाठी भारतात आणलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, वाघांचा वावर असलेल्या प्रदेशातलं सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र, म्हणजे ४० टक्क्यांहून अधिक, तिने व्यापलंय. तिचा पाला विषारी. हरणं, गवे खाणार काय?

तोडून, जाळून ती हटत नाही, कारण खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथे, मातीच्या जरा खाली, नवे कोंब फुटायची जागा असते. अख्खं झुडूप उपटावं तर माती उकरली जाते आणि त्यात पडलेलं बी रुजतं. दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात यावर उपाय शोधला: कुदळीने त्या सांध्याच्या खालचं मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. अवजार साधं, पण घाव नेमका हवा. फळं पिकण्याआधी हे उरकलेलं बरं.

खरी विद्या लागते ती यानंतर. जमीन मोकळी राहिली की रानमोडी नाहीतर गाजर गवत शिरलंच. तिथे मारवेल, पवन्या अशी स्थानिक गवतं आणायची, तर आधी ती ओळखता आली पाहिजेत, तीही तुरा नसताना. पातं खोडाला जिथे मिळतं तिथला इवलासा पडदा किंवा केस भिंगाखाली पाहून जात ओळखणारी माणसं फार थोडी आहेत. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्यांनी इकडे वळावं, असं मला मनापासून वाटतं. गवताचं बी पावसाळ्यानंतर पिकतं आणि लगेच झडतं. ते वेळेवर गोळा करायचं तर त्या भागातल्या गुराख्यांना आणि गवत कापणाऱ्या बायांना विचारावं. कुठल्या माळावर काय उगवतं, हे त्यांना पाठ असतं.

पुढची काही वर्षं राखणीची. बुलबुल घाणेरीची फळं खाऊन झाडांवर बसतात आणि विष्ठेतून बी खाली पडतं, म्हणून अशी झाडं हेरून त्यांच्याखालची रोपं दरवर्षी उपटावी लागतात. एका हंगामाच्या कंत्राटात हे बसत नाही. या कामाला कायमची, पगारी माणसं नेमायला हवीत.