लिंबूवर्गीय उन्हाळी एल : घरगुती निर्मिती

लिंबूवर्गीय उन्हाळी एल : फिक्या माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून), एल-यीस्टने कोमट तापमानाला आंबवलेली हलकी बिअर. तिचा स्वाद संत्रे, लिंबू इत्यादींच्या सालीतून, तशाच गंधाच्या हॉपमधून (एका वेलीच्या कडवट, सुवासिक फुलांमधून) किंवा दोहोंतून येतो. रंग गवती पिवळा ते फिका सोनेरी, मद्यांश घनफळाने ४ ते ५ टक्के आणि कडवटपणा साधारण १५ ते २५ आयबीयू (बिअरचा कडवटपणा मोजण्याचे एकक) असतो. ‘लिंबूवर्गीय’ या शब्दामुळे पुष्कळांना ती आंबट असावी असे वाटते. प्रत्यक्षात येथे अभिप्रेत आहे तो गंध. आंबटपणा फळाच्या रसात असतो आणि गंध सालीच्या तेलात. घरी केलेल्या एलचे अनेक घाणे बिघडतात ते हा फरक न ओळखल्याने.

नाव व पूर्वपीठिका : ‘उन्हाळी’ हे विशेषण जितके जुने भासते तितके या प्रकारच्या बिअरला ते जुने नाही. कृत्रिम शीतकरण येण्यापूर्वी उन्हाळ्यात बिअर बनवणेच टाळले जाई, कारण उष्ण हवेत किण्वन आवाक्याबाहेर जाई आणि जंतूंचा शिरकाव होई. बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्ट पाचवा याने १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यास मनाई केली होती. त्यामुळे तेथे ‘उन्हाळी बिअर’ म्हणजे हिवाळा सरता सरता बनवून थंड तळघरात उन्हाळ्यासाठी राखलेली बिअर. टिकावी म्हणून ती बेताने अधिक कडक केलेली असे. आजची हलकी, ताजी प्यायची एल ही तिची वंशज ठरत नाही. साम्य फक्त नावापुरते आहे.

आधुनिक फिक्या उन्हाळी एलचा उगम सामान्यतः इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मानतात. अग्रमान कोणाचा, यावर मतभेद आहेत. सॉमरसेटमधील एक्समूर गोल्ड (१९८६) ही केवळ फिक्या माल्टची एल आधीची आहे. सॉल्झबरीच्या हॉप बॅक या कारखान्याची समर लाइटनिंग त्यानंतर दोन-तीन वर्षांत आली. कालक्रम पाहिला तर पहिलीचे पारडे जड आहे, परंतु ‘लागर (थंड तापमानाला आंबवलेली बिअर) पिणाऱ्याला उन्हाळ्यात आवडेल अशी एल’ ही कल्पना रुजवली ती दुसरीने, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

साल बिअरमध्ये कधी आली, हा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. प्रचलित समजुतीनुसार ही बेल्जियमची देणगी. हुगार्डन गावातील पांढऱ्या बिअरची परंपरा १९५० च्या दशकात खंडित झाली आणि पिअर सेलिस याने १९६० च्या दशकाच्या मध्यास ती पुन्हा सुरू केली. त्याच्या बिअरमध्ये धणे आणि कुरासाओ जातीच्या कडू संत्र्याची वाळलेली साल होती, आणि आजच्या बहुतेक पाककृती त्याच जोडीवर उभ्या आहेत. मात्र सेलिसपूर्व काळात हुगार्डनच्या बिअरमध्ये साल नेमाने पडत असे का, याविषयी एकमत नाही. उलट इंग्लंडमधील पुरावा स्पष्ट आहे. फ्रेडरिक ॲकम या रसायनज्ञाने १८२० मध्ये अन्नभेसळीवर लिहिताना आले, धणे आणि संत्र्याची साल हे पदार्थ मुख्यतः एल बनवणारे स्वादासाठी वापरतात, असे नोंदवले आहे. माल्ट व हॉप यांना पर्याय म्हणून इतर पदार्थ वापरण्यास तेथील कायद्याने १८१६ मध्ये बंदी घातली होती, म्हणून ही नोंद भेसळीच्या प्रकरणात आली. एलमधील सालीचे श्रेय एकट्या बेल्जियमला देणे म्हणून धाडसाचे ठरते. अमेरिकेत ही चव सर्वदूर पोहोचली ती १९९५ मध्ये आलेल्या ब्लू मून या बिअरमुळे. तिच्यात गोड व्हॅलेन्सिया संत्र्याची साल असते.

हॉपची वाट वेगळी आहे. ऑरेगन राज्यातील शासकीय पैदास कार्यक्रमातून १९७२ मध्ये प्रसृत झालेल्या कॅस्केड जातीला ग्रेपफ्रूटचा गंध आहे, आणि १९७५ च्या लिबर्टी एल या अमेरिकी बिअरने तो लोकांपुढे आणला. पुढे जपानची सोराची एस (१९८४, लिंबू), अमेरिकेची सिट्रा (२००० च्या दशकाचा उत्तरार्ध) आणि जर्मनीची मँडेरिना बव्हेरिया (२०१२, छोटे संत्रे) या जाती आल्या.

घरगुती निर्मितीला ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवाना लागत नाही. अमेरिकेत ऑक्टोबर १९७८ मध्ये संघराज्य पातळीवर तिला मोकळीक मिळाली, मात्र शेवटच्या दोन राज्यांतील बंदी २०१३ मध्ये उठली. अनेक देशांत आजही परवाना लागतो. तो नियम आधी पाहावा.

गंधद्रव्ये : संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. उकळीत वाफेबरोबर निघून जाते, किण्वनातल्या कार्बन डाय-ऑक्साइडबरोबर उडते, प्लॅस्टिकमध्ये शोषले जाते आणि प्राणवायू लागला की त्याचा ताजेपणा जाऊन टर्पेंटाइनसारखा वास येतो. धण्यातील व हॉपमधील लिनॅलूल त्या मानाने पाण्यात बरेच विरघळते, त्यामुळे टिकते. धणे-संत्रे ही जोडी इतकी जमते ती यामुळेच : साल पहिला दरवळ देते आणि धणे तो मागे धरून ठेवतात. हॉपमधील जेरॅनिऑलचे यीस्ट सिट्रोनेलॉलमध्ये रूपांतर करते, म्हणून हॉपचा काही भाग किण्वन चालू असताना टाकला तर लिंबाचा गंध वाढतो.

लिमोनीनशी नामसाधर्म्य असलेले लिमोनिन हे अगदी निराळे द्रव्य. ते बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या, कापसासारख्या थरात सापडते, आणि त्याचा कडूपणा हॉपसारखा स्वच्छ नसून जिभेच्या मुळाशी रेंगाळतो. म्हणून बारीक किसणीने फक्त रंगीत थर काढावा. फळ किसणीवर एका जागी दोनदा फिरवू नये. किसताना पांढरे दिसू लागले की थांबावे. किसाचा रंग एकसारखा केशरी किंवा पिवळा असला पाहिजे. फळावर मेण असल्यास आधी गरम पाण्यात ब्रशने घासून धुवावे.

साहित्य (२० लिटर) : फिका एल-माल्ट ३ किग्रॅ., गव्हाचा माल्ट १ किग्रॅ., फेस टिकवण्यासाठी डेक्स्ट्रिन माल्ट २०० ग्रॅम. कडवटपणासाठी मॅग्नम हॉप (अल्फा आम्ल, म्हणजे कडवटपणा देणारे द्रव्य, १२ टक्के) १२ ग्रॅम, ६० मिनिटे. शेवटच्या १० मिनिटांना कॅस्केड २० ग्रॅम. आच बंद करून वर्ट (माल्टचा गोड काढा) ८० अंश सें. पर्यंत उतरल्यावर सिट्रा ३० ग्रॅम, २० मिनिटे. ताज्या संत्र्यांच्या सालीचा कीस २५ ग्रॅम (मध्यम आकाराची सुमारे ४ फळे), लिंबाच्या सालीचा १० ग्रॅम, जाडसर भरडलेले धणे १० ग्रॅम. तटस्थ चवीच्या कोरड्या एल-यीस्टचे ११ ग्रॅमचे एक पाकीट. आरंभीचे विशिष्ट गुरुत्व १.०४६, अखेरचे १.०१० आणि मद्यांश सुमारे ४.७ टक्के मिळतो. मॅशची (माल्ट गरम पाण्यात मुरवण्याची) सोय नसेल तर माल्टऐवजी २.५ किग्रॅ. कोरडा माल्ट-अर्क (शक्यतो निम्मा गव्हाचा) घेतल्यास हेच गुरुत्व येते.

पाण्यात क्लोरीन असल्यास ३० लिटरला ०.२ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरते. ते वगळल्यास येणारा औषधी वास नंतर कशानेही जात नाही. क्षारविरहित पाणी असल्यास २८ लिटरला जिप्सम व कॅल्शियम क्लोराइड प्रत्येकी ४ ग्रॅम घालावे.

कृती : १२.६ लिटर पाणी ७२ अंशांपर्यंत तापवून त्यात माल्टची भरड गुठळ्या न होऊ देता मिसळावी. तापमान ६६ अंशांवर स्थिरावते. ते एक तास राखावे. सामू ५.२ ते ५.४ हवा. फिक्या माल्टमध्ये तो बहुधा थोडा वर असतो, तेव्हा लॅक्टिक आम्ल थेंबाथेंबाने घालून खाली आणावा. तापमान ६९–७० अंशांवर गेले तर न आंबणारी शर्करा वाढते आणि उन्हाळी एल अंगाला जड होते. गव्हाच्या माल्टला फोलपट नसते, त्यामुळे चोथा घट्ट बसून निचरा थांबतो. १५० ग्रॅम धुतलेले भाताचे तूस मिसळल्यास ही अडचण सहसा येत नाही. मग ७५ अंशांच्या सुमारे १५.५ लिटर पाण्याने चोथा धुऊन एकंदर २४ लिटर वर्ट गोळा करावा व ६० मिनिटे खळखळून उकळावा. पहिल्या उकळीला फेस उतू जातो, त्या वेळी भांड्यापासून हलू नये. उकळी संपल्यावर वर्ट शक्य तितक्या लवकर १८ अंशांपर्यंत थंड करून, भरपूर हवा खेळवून यीस्ट घालावे. थंड झालेल्या वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी.

किण्वन : पहिले तीन दिवस १८ अंश, नंतर २० ते २१. किण्वनाची स्वतःची उष्णता असते, त्यामुळे ऐन भरात पात्राच्या आतले तापमान बाहेरच्यापेक्षा ३ ते ५ अंशांनी अधिक भरते. ज्या ऋतूसाठी ही एल करायची त्याच ऋतूत हा मुद्दा सर्वांत नडतो. पात्र पाण्याच्या टबात ठेवून त्याभोवती ओले फडके गुंडाळावे आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलाव्यात. २५ अंशांवर गेलेल्या तटस्थ यीस्टने दिलेला उग्र, घशाला लागणारा मद्यगंध संत्र्याने झाकला जात नाही. थंडाव्याची सोयच नसेल तर नॉर्वेतील शेतघरांतले क्वाइक यीस्ट हा खरा उपाय. ते ३० ते ३७ अंशांत स्वच्छ काम करते आणि त्याच्या काही प्रकारांना मुळातच संत्र्याचा वास असतो.

साल कधी घालावी : येथे दोन पंथ आहेत. जुन्या रीतीनुसार साल व धणे उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत पडतात. ते निर्जंतुक होतात आणि धण्यांना त्याचा फायदाही होतो, पण सालीचे बहुतेक लिमोनीन आधी वाफेबरोबर आणि उरलेले किण्वनात निघून जाते. साल जास्त वेळ उकळली तर पेक्टिन सुटून कायमचा गढूळपणा येतो, तो वेगळाच. दुसरी रीत किण्वन संपल्यावर घालण्याची, आणि तिच्या बाजूने कारणे अधिक भक्कम आहेत. धणे उकळीतच घालावेत. सालीचा कीस १०० मिली. व्होडकात झाकणबंद काचेच्या बरणीत ४ ते ५ दिवस भिजवून गाळून घ्यावा. अल्कोहोलमध्ये तेल चांगले उतरते, जंतूंची भीती राहत नाही आणि मुख्य म्हणजे मात्रा ठरवता येते.

मात्रा अंदाजाने ओतू नये. १०० मिली. बिअरचे तीन पेले भरावेत, सुईविरहित सिरिंजने त्यांत अनुक्रमे ०.१, ०.३ व ०.५ मिली. अर्क घालून हुंगावे, मग चाखावे. ०.३ चा पेला पसंत पडला तर १९ लिटरला ५७ मिली. अर्क लागतो, त्याने मद्यांश जेमतेम ०.१ टक्का वाढतो. भांडी धुण्याच्या साबणाची आठवण येऊ लागली की मात्रा ओलांडली असे समजावे. तेल फार झाल्यास फेसही बसतो.

रस घालण्याचा मोह आवरावा. त्यातील साखर यीस्ट खाऊन टाकते, सायट्रिक आम्ल मात्र मागे राहते, आणि हाती येते ती पातळ, बोचरी बिअर. रस हवाच असेल तर तो पेल्यात.

बाटलीबंद करणे : सुमारे दोन आठवड्यांनी, दोन दिवसांच्या अंतराने घेतलेले गुरुत्व सारखेच भरले तरच बाटल्या भराव्यात. गुरुत्वाचा एक अंक (०.००१) आंबला की बाटलीत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे अर्धे घनमान (बिअरच्या घनफळाइतका वायू म्हणजे एक घनमान) वाढते. १.०१० ऐवजी १.०१४ ला बाटल्या भरल्या तर ठरवलेल्या २.६ घनमानांवर आणखी दोन चढतात, आणि साधी बाटली तो दाब सहन करीलच असे नाही. किण्वन संपल्यावर न उकळता भरपूर हॉप घातले असल्यास अधिक थांबावे, कारण हॉपमधील विकरे उरलेल्या डेक्स्ट्रिनांचे (न आंबणाऱ्या शर्करांचे) विघटन करतात आणि थांबलेले किण्वन पुन्हा सुरू होते.

१९ लिटरला १२५ ग्रॅम साखर २५० मिली. पाण्यात उकळून, थंड करून रिकाम्या पात्राच्या तळाशी घालावी. सालीचा अर्कही तेथेच. त्यावर गाळ मागे ठेवून बिअर नळीने आणावी. नळीचे तोंड पात्राच्या तळाला टेकलेले हवे. वरून धार पडली, बुडबुडे आले, तर प्राणवायू मिसळतो आणि लिमोनीनचा ताजेपणा काही आठवड्यांत जातो. बाटल्या तपकिरीच घ्याव्यात. उन्हात हॉपच्या कडू द्रव्यांपासून स्कंकसारखी दुर्गंधी येणारे गंधक-संयुग तयार होते, आणि हिरवी काच ते थोपवत नाही.

इतर दोष : उकडलेल्या मक्याचा वास झाकण ठेवून उकळल्याने किंवा वर्ट सावकाश थंड झाल्याने येतो. लोण्याचा वास यीस्टला शेवटचे दोन-तीन दिवस न मिळाल्याचा. पात्र २१ अंशांवर ठेवल्यास तो बहुधा जातो. कच्च्या सफरचंदाचा वास घाईचा. गव्हामुळे येणारा मंद धूसरपणा दोष नव्हे.

बाटल्या २० अंशांवर दोन आठवडे ठेवून मग थंड कराव्यात. शीतपेटीत त्यांचा गंध साधारण दोन ते तीन महिने टिकतो. खोलीच्या तापमानाला त्याहून बराच कमी. आधी सालीचा दरवळ मावळतो, धणे व हॉप उरतात. म्हणून ज्या घाण्यात फक्त लिंबाची साल आहे तो आधी संपवावा, आणि धणे-संत्र्याचा त्यामागून.