नाशकात चांगलं कुठे मिळतं? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

रेल्वे नाशिकला आली, पण गावात आली नाही. स्टेशन राहिलं नाशिक रोडला, आणि गोदाकाठचं जुनं गाव तिथून आठ-नऊ किलोमीटरवर. उतरलेल्या माणसाला गाव दिसायच्या आधीच प्रश्न पडायचे: राहायचं कुठे, जेवायचं कुठे, पुढची सगळी व्यवस्था कोण बघणार? उत्तर देणारे लोकही वाटेतच गाठ घालायचे. आज आपण फोनवर जे शोधतो त्याची सुरुवात या अंतरात आहे, असं मला वाटतं.

पहिला उत्तर देणारा म्हणजे तीर्थोपाध्याय, यात्रेकरूंचे विधी करणारा पुरोहित. त्याचा पहिला प्रश्न चहापाण्याचा नसे, "आडनाव काय? मूळ गाव कोणतं?" एवढं कळलं की यात्रेकरू कोणत्या उपाध्यायाचा, हे ठरून जायचं, कारण गावागावांचे यजमान पिढ्यान्‌पिढ्या वाटलेले होते. मग वही निघायची. तिच्यात पणजोबा कधी आले, कोणाचं श्राद्ध केलं, बरोबर कोण होतं, सगळं लिहिलेलं. वही मिटली की बाकीचं आपोआप मार्गी लागे: वाड्यात उतरायची सोय, सोवळ्यातला स्वयंपाक, न्हावी, पूजेचं साहित्य, त्र्यंबकेश्वरला जायला गाडी. एका माणसाकडे अख्ख्या शहराच्या सेवा. फक्त निवड यजमानाची नव्हती. ती त्याच्या खापरपणजोबांनी करून ठेवलेली होती. सिंहस्थ आला की दर बारा वर्षांनी ही सगळी व्यवस्था ताणली जाई. गाडगे महाराजांच्या धर्मशाळेसारख्या जागा ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्या कामी आल्या. स्टेशन ते मेन रोड घोड्यांची ट्रामही काही दशकं धावली. आता तिची आठवण तेवढी उरली आहे.

गावातल्या माणसाला वही लागत नव्हती. त्याची यादी गल्ल्यांच्या नावांतच होती. भांडी हवीत तर भांडी बाजार, तांब्याला कल्हई किंवा ठोकाठोक करायची तर तांबट आळी, दागिना सराफ बाजारात, दूध दूध बाजारात. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार. नव्या वसाहतीत हे जमलं नाही. तिथे चौक कंपन्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मायको कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, त्यालाही आता बरीच वर्षं लोटली; रिक्षावाल्याला मात्र आजही 'मायको सर्कल'च सांगावं लागतं.

एक गोष्ट या इतिहासात सहसा कुणी सांगत नाही. 'कुठे चांगलं मिळतं' हा प्रश्न विचारण्याआधी 'आत येऊ देतील का' हा प्रश्न ज्यांच्यापुढे होता, असेही नाशिककर होते. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो याच गावात, गोदाघाटावरच्या रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. पुढे राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांच्यासोबत विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचीही नावं आली. नाशिकमध्ये बसून ती ओळ वाचली की घाट आणि हॉटेल एकाच वाक्यात का आले, हे वेगळं समजावून घ्यावं लागत नाही.

गावाची जीभ बदलली ती कारखान्यांमुळे. १९२० च्या दशकात नाशिक रोडला नोटा आणि मुद्रांक छापणारे सरकारी छापखाने आले, १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना, शिवाय सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती. बाहेरगावहून आलेला एकटा कामगार वाड्यात कोण उतरवणार? त्याला खानावळ हवी होती, मेस हवी होती, महिन्याचा हिशेब हवा होता. सामिष हवं असलं तर भद्रकाली, खडकाळीकडे पाय वळत. पंचवटीतली पाटी 'शुद्ध शाकाहारी'च राहिली. आणि प्यायची असली तर 'परमिट रूम'. हा शब्द १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दिला. परवाना असलेल्यानेच पिण्याची ती खोली. परवान्याचं कुणी विचारेनासं झालं तरी पाटीवर शब्द तसाच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद झाली, तेव्हा मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या पोटातून जात असल्याने नाशिकला तो फटका फार जाणवला. महापालिका हद्दीला त्यातून मोकळीक मिळाली ती काही महिन्यांनी.

वाइनची गोष्ट निराळी. द्राक्षं आधीपासून होतीच. राजीव सामंत यांच्या सुला या वाइन कंपनीची पहिली वाइन २००० मध्ये आली, २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, आणि २००५ मध्ये सुलाने चव घ्यायची खोली उघडली. परमिट रूममध्ये मान खाली घालून जाणारा माणूस गंगापूर धरणाच्या बाजूला बायको-मुलांसह जाऊन फोटो काढू लागला. पेय बदललं म्हणून नव्हे, मळा दिसत होता म्हणून.

हा मळा मिसळीनेही उचलला. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याची, सोबत भाजलेला पापड, आणि रस्सा मागावा तितका. पूर्वी ती गावातल्या अरुंद हॉटेलांत बाकड्यावर बसून खायची चीज होती. आता रविवारी सकाळी लोक गंगापूर-सातपूर लिंक रोडला साधनाची चुलीवरची मिसळ खायला जातात, कुणी द्राक्षमळ्यात 'ग्रेप एम्बसी'त. झोपाळे, बैलगाडी, शेवटी जिलेबी. मला स्वतःला बाकड्यावरची जास्त आवडते, पण मुलांना घेऊन जायचं म्हटलं की मीही मळ्याकडेच गाडी वळवतो. यात एक मजेशीर गोष्ट झाली. यात्रेकरूची यादी (चिवडा, द्राक्षं, तांब्याची भांडी) आणि गावकऱ्याची यादी आजवर वेगळ्या होत्या. कोंडाजी आणि माधवजींचा चिवडा तेवढा दोन्हीकडे. मिसळीने त्या दोन्ही याद्या एकत्र आणल्या. पुण्या-मुंबईचा पाहुणा आता रामकुंडाच्या आधी मिसळ विचारतो.

फोनवरून पत्ता सांगणारी जस्टडायल १९९६ ची, झोमॅटो २००८ ची. त्यापूर्वी 'गावकरी', 'देशदूत' या दैनिकांमधल्या छोट्या जाहिराती होत्या. प्लंबर किंवा सुतार मात्र अजूनही हार्डवेअरच्या दुकानातच सापडतो. दुकानदार नाव देतो आणि "माझं नाव सांगा" म्हणतो, कारण सामान त्याच्याकडूनच जाणार असतं. उपाध्यायाचंही असंच होतं आणि स्टेशनवरच्या रिक्षावाल्याचंही असंच आहे: सांगणाऱ्याचा त्यात थोडा वाटा असतो, आणि तरीही सांगितलेलं बऱ्याचदा बरोबर निघतं. ॲपवरही वरच्या दोन-तीन जागा पैसे भरून मिळतात, एवढंच की तिथे कुणी आडनाव विचारत नाही.

गेल्या रविवारी पाहुण्यांना घेऊन निघालो. चांदण्या साडेचार, वेळ दुपारी तीनपर्यंत, असं फोन म्हणत होता. साडेअकराला पोहोचलो तर रस्सा संपलेला. गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, "काका, रविवारी नऊच्या आत या."